खांद्यावरचे आकडे

श्रीलता, बिड्डा,
कुठली टाकी घेऊ, विचारलंस.
स्टीलच्याच हव्यात, दोन हव्यात,
सहा महिने इजिप्त, मग इंडोनेशिया,
जमलं तर पुढे ऑस्ट्रेलिया.

विचारलंस कुणाला, तर पोहता न येणाऱ्या माणसाला.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पत्र्याच्या शेडखाली
एकवीस वर्षं सिलिंडर तपासतोय:
वेल्डिंगवाल्यांचे, दवाखान्यांचे,
गड्ड्याच्या जत्रेतल्या एका फुगेवाल्याचा.
समुद्र म्हणशील तर माझ्याकडे एकच,
लोखंडी, छातीइतका, वर झाकण.
त्यात सिलिंडर बुडवतो.
नळाला पाणी चार दिवसांआड,
म्हणून महिनाभर समुद्र तोच असतो.

तरी ऐक.
सिलिंडरचा भरवसा पोटावर नसतो,
खांद्यावर असतो. तिथं ठोकलेलं वाच.
अमेरिकेचा शिक्का वेगळा, युरोपचा वेगळा,
एक पौंडात बोलतो, एक बारमध्ये,
आणि आपल्याकडे आणशील
तर नागपूरची मंजुरी लागते,
मग तो जर्मनीत का जन्मलेला असेना.
कुणाला पाच वर्षांनी चाचणी पुरते,
ऑस्ट्रेलिया म्हणे दर वर्षी मागते.
आतली हवा सगळीकडे तीच.

ॲल्युमिनियम घेऊ नको म्हणालीस, बरोबर आहे.
ते संपत आलं की वर यायला बघतं.
स्टील रिकामं झालं तरी खाली राहतं,
कमरेचं शिसं तेवढं कमी बांधायचं.
पण आत ओल गेली तर गंजतं,
आणि गंज बाहेरून दिसत नाही.
भरणाऱ्याला विचार, कॉम्प्रेसरचा फिल्टर कधी बदललास?
रागावला तर दुसरीकडे भर.

आता आटे. इथं चुकू नकोस.
पाऊण इंची गळा आणि पंचवीस मिलिमीटरचा व्हॉल्व्ह
जातो एकमेकांत.
चार-पाच आटे सुखानं फिरतात,
हाताला वाटतं, बसलं.
दोनशे बारला तोच गोळीसारखा सुटतो.
आपल्या शेडच्या पत्र्याला जे भोक आहे
ते पावसासाठी नाही पाडलेलं.
घरात तुझी अम्मा तेलुगूत विचारते,
मी मराठीत उत्तर देतो,
दस्तगीर येऊन दोन्हीत भांडतो.
हे आटे कसे बसलेत
कुणी गेज लावून पाहिलं नाही.
टाकीला मात्र लाव.

दाब दिला की पोलादही फुगतं, माहितेय तुला,
लहानपणी स्टुलावर उभी राहून
काचेच्या नळीत चढणारं पाणी तूच वाचायचीस.
दाब काढला की पाणी उतरतं.
सगळं नाही उतरत.
थोडं वर राहतं, ते लिहून घ्यायचं.
शंभरात दहापर्यंत चालतं.
त्याच्यावर गेलं की सिलिंडर बाद,
दस्तगीर खांद्यावरचे आकडे ठोकून पुसतो
आणि त्या दिवशी डबा खात नाही.

दिवाळीला आलीस,
कडक भाकरी चहात बुडवलीस,
शेंगाचटणी तिखट लागली म्हणालीस,
झोपेत कुठल्या तरी भाषेत काहीतरी मोजलंस.
मी बघत होतो.
दहाच्या आत आहे.

तर असं कर. दोन घेऊ नकोस.
विमानात व्हॉल्व्ह काढून न्यावं लागतं,
पंधरा किलोचं रिकामं लोखंड
दर विमानतळावर कुणाकुणाला समजावशील?
एकच घे, बारा लिटरची, तिथल्या शिक्क्याची,
निघताना तिथंच वीक.
रेग्युलेटर मात्र स्वतःचा ठेव, दोन्ही जोडण्यांचा.
श्वास भाड्याचा चालतो, तोंडातला रबर नाही.

घेतलीस की खांदा वाचून दाखव, हळू.
मी रजिस्टरात उतरवतो,
सिव्हिलच्या ऑक्सिजनखालच्या ओळीत.
दस्तगीर म्हणेल, आपल्याकडे न आलेल्याची नोंद कशाला?
म्हणू दे.

फोन उद्या सकाळी नको.
उद्या पाणी यायचा दिवस,
समुद्र बदलायचाय.