खडा

एर्झुरूममध्ये चहात साखर ढवळत नाहीत.
खडा दातांत धरायचा,
चहा त्याच्यावरून आत ओढायचा.
एकसष्ट वर्षं मी असाच प्यायलो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ मारली
तेव्हा दुरमुश काहीच बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी नदीतले दोन पांढरे खडे
उकळून, फडक्यात बांधून घेऊन आला.
एक मला.
एक त्याला, ज्याला काहीच झालेलं नाही.

बाहेर गुडघाभर बर्फ.
आत दोन म्हातारे दगड चोखत बसलेले,
चहावाल्याचा पोऱ्या हसू दाबतोय.

एकोणिसाव्या दिवशी तो म्हणाला,
"झेकाई, आज जरा गोड लागला बघ."
थापाड्या.
तुझ्या तोंडात साखर पडो,
म्हणता म्हणता थांबलो,
खडा या गालातून त्या गालात सरकवला.