मांड

पहिल्या दिवशी दांबानं चिनीमातीचा पेला
कातडी पिशवीत घालून दगडावर आपटला
आणि म्हणाला, जोड. तोंड न उघडता.
अकरा तुकडे. आठवडाभर मी वरून चाचपत होते.
कडेला कड ओळखते, एवढंच तेव्हा कळलं.

नावं नंतर कळली, उलानबातरच्या कॉलेजात.
गुडघा म्हणे बिजागरी.
आमच्या नमद्याच्या तंबूला बिजागऱ्या दोनच, दाराच्या,
आणि त्या दांबाच्या गुडघ्यांआधी कुरकुरतात.
मानेत वरचा सांधा ‘हो’ म्हणायला,
त्याखालची खिळी ‘नाही’ म्हणायला.
दांबाचा वरचा
बहुतेक जन्मापासूनच धरलेला.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर तळवा ठेवून तो म्हणायचा,
धुराडं उघडं आहे अजून, आभाळ आत येतंय.
पुस्तक म्हणतं, दीडएक वर्षात मिटतं.
मग कवटीला शिवण पडते आणि काहीच हलत नाही.

नादामच्या तिसऱ्या दिवशी चोइजिल आला,
निखळलेला हात दुसऱ्या हातात, कोकरासारखा धरून.
खांद्याची उखळ उथळ,
म्हणून तर हात चहूकडे फिरतो
आणि म्हणूनच निसटतो.
दांबानं त्याला त्याच्या घोडीचा रंग विचारला.
‘पिंगट,’ तो म्हणाला, ‘पण कपाळावर...’
इथेच ओढायचं असतं.
दांबाची पकड सुटली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
फक्त बाजूला सरकला, एका माणसाएवढा.
मी विचारलं, कपाळावर काय?
‘चांद,’ चोइजिल म्हणाला, आणि आत टक् वाजलं.

रात्री मी दांबाचा अंगठा हातात घेतला.
त्याच्या मुळाशी खोगीर असतं:
एक हाड दुसऱ्यावर मांड ठोकून बसतं,
पुढे झुकतं, बाजूला कलतं, पडत नाही.
ह्याच्या खोगिराची गादी उडालेली.
आत वाळूवर वाळू.
पन्नास वर्षं लोकांची हाडं जाग्यावर बसवताना
स्वतःचं एक उठून गेलं होतं.
दुखतं का, विचारलं तर
खिळी फिरली. नाही.

मग मेंढ्यांच्या घोट्यांची चार हाडं
चिमटीत येईनात म्हणून त्यानं तळव्यानं ओढली,
नमद्यावर फेकली.
मेंढी, मेंढी, उंट, मेंढी.
घोडा कुठे गेला, तो पुटपुटला,
आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला.