स्थानिक पालक

घाबरू नका महानंदाताई, फोन मीच उचललाय.
पिठाच्या डब्यावर पडला होता, चार्जिंगला.
भाग्या खाली धक्क्यावर गेलीय,
सलमाच्या नवऱ्याची होडी लागली, तर मापं घ्यायला.
माशांची. हो, पट्टीनं.
तोंडापासून शेपटीपर्यंत किती, पोटात गाबोळी आहे का,
सगळं वहीत.
आमच्या बायका हसतात. म्हणतात, बांगड्याचं एवढं माप
कुणी घेतलं नव्हतं गं, सोयरीक जुळवायचीय का?

आवाज? कसला आवाज?
तो होय. खाडी आहे ती, भरती चढतेय.
राजिवड्यात भिंतीतूनसुद्धा ऐकू येते.

तुम्ही तिला सोडायला आलात, तेव्हा
ज्वारीच्या पिठाची गोणी आणली होतीत, एक वेगळा तवा.
माझ्या स्वयंपाकघरात दोनदा डोकावलात
आणि काही बोलला नाहीत.
मला राग नाही आला. तुमच्या पिशवीत मीही डोकावले होते.
आता त्या तव्यावर दोघींचं होतं.
माझी तांदळाची, तिची ज्वारीची, जाड.
मला चावत नाही. बुडवून खाते.

जाताना हात धरून म्हणालात,
पाण्याजवळ जाऊ देऊ नका.
मला काही कळेना. खाडीच्या काठी पोर ठेवायची
आणि पाण्याजवळ नको?
मग एका रात्री वीज गेली होती, तेव्हा तिनं सांगितलं
तुमच्या धाकट्या जावेचं. विहिरीचं.
चपला काठावर होत्या म्हणे,
नीट, जोडीनं.

खोटं नाही सांगणार, इथलं पाणीही माणसं घेतं.
माझा दीर मिऱ्याच्या पलीकडं गेला तो होडीसकट.
म्हणूनच,
आता ऐका, आणि ओरडू नका,
तिला पोहता येतं.
दिवाळीनंतर शिकवलं. मी. ह्या वयात, सलवार खोचून,
ओहोटीला, कमरेएवढ्या पाण्यात,
पोटाखाली हात धरून, तान्ह्याला न्हाऊ घालतात तसं.
आठ दिवस नुसती रडली.
नवव्या दिवशी मी हात काढून घेतला, तिला न सांगता.
चार हात पुढं गेली,
मग वळून बघितलं आणि बुडाली.
उठून खोकली, थुंकली, मला शिव्या दिल्या.
कानडी होत्या बहुतेक. फार दिवसांनी
कुणी घरच्यासारखं बोललं.

कॉलेजच्या कागदावर मी सही केली ना, रुकय्या म्हणून,
तिथं खाली रकाना होता: नाते.
काय लिहू खाला, म्हणाली.
म्हटलं, भाडेकरू लिही, खरं तेच.
बराच वेळ पेन चावत बसली
आणि रकाना तसाच सोडला.
साहेबांनीही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात दोन दिवस ताप होता.
तुम्हाला कळवू नका म्हणाली, मी नाही कळवलं.
आता कळवते. उतरला.

थांबा, आलीच.
ऐकलंत? चपला काढतेय.
एक उंबऱ्याशी, दुसरी पार खालच्या पायरीवर, उलटी.
रोज ओरडते मी, जोडीनं ठेव म्हणून.
आजपासून नाही ओरडणार.

बोला.
हात माशाचे आहेत तिचे,
फोन मीच धरते तिच्या कानाला.