पुढचे पंजे

शनिवारच्या बाजारात, प्शेरोवला,
केळ्यांच्या खोक्यात सात पिल्लं होती.
विकणाऱ्याने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.
आठ आठवड्यांचं, म्हणाला.
नाक कोरडं, स्वच्छ. मीही वाकून बघितलं,
मला त्यातलं कळतं असं दाखवत.
अडीचशे कोरुना.
योहांकाने तिथल्या तिथे नाव ठेवलं: खसखस.

महिन्यातून दोन शनिवार ती माझ्याकडे असते.
उरलेले दिवस मी टपाल वाटतो
आणि तिच्या खोलीचं दार लोटून ठेवतो.

रात्री खसखस कोपऱ्यात बसली,
पाठीची कमान करून,
डोळे अर्धे मिटून.
लाजतेय, मी म्हणालो.
नवी जागा आहे, योहांका म्हणाली.
दोघांचंही पटलं दोघांना.

सकाळी गवत तसंच.
पाणी तसंच, वर एक केस तरंगणारा.
खाली अंथरलेलं वर्तमानपत्र
वाचता येईल इतकं कोरं.
मला वाटलं, किती स्वच्छ जनावर.

खालच्या मजल्यावरच्या हेडविकाबाई
चाळीस वर्षं ससे पाळत होत्या,
प्रेमाने आणि रश्श्यासाठी,
दोन्हींत त्यांना कधी विरोध दिसला नाही.
त्या चष्मा न लावताच वर आल्या.
आधी कान धरले, मुठीत, हात शेकावेत तसे.
गार आहेत, म्हणाल्या.
मग पोटाला कान लावला
आणि आम्हाला हाताने गप्प केलं.
आम्ही गप्पच होतो.

सशाचं पोट बोलत असतं, म्हणाल्या,
दिवसरात्र, दळण दळल्यासारखं.
हे बंद आहे.

आणि ऐक, दात खातेय ती.
मी म्हणालो, चघळत असेल काहीतरी.
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मीच ते खोक्यातलं आठवं पिल्लू असल्यासारखं.
दुखतं तेव्हा ससा ओरडत नाही, बाबा.
ओरडला तर कोल्ह्याला कळतं.

शेवटी त्यांनी पुढचे पंजे उलटे केले.
आतल्या बाजूची लव चिकट,
वाळून काड्या झालेली.
तो माणूस नाक पुसून विकतो,
हेडविकाबाई म्हणाल्या,
पण ही स्वतःचं नाक पंजांनी पुसते.
पंजे पुसायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

ओलोमोउत्सला रविवारी एक दवाखाना उघडा असतो.
गरम पाण्याची बाटली माझ्या मोज्यात,
मोजा खोक्यात, खोकं योहांकाच्या मांडीवर.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बीटची शेतं, धुकं,
वायपरचा तोच तोच आवाज.
संध्याकाळी सहाची तिची गाडी होती.
मी आईला फोन करतो म्हणालो,
ती म्हणाली, कर,
आणि बऱ्याच वेळाने, खोक्यातच बघत,
नव्या घरी मलाही भूक लागत नाही.

कुठल्या नव्या घरी, ते मी विचारलं नाही.
तिच्या आईचं नवं आहे. माझंही.
सिग्नलला थांबलो तेव्हा
तिच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या दिसल्या.
नेहमीच असतात. फॅशन, मला वाटायचं.
मी हात पुढे केला, तिने दिला,
आणि मी तो उलटा केला.
नखं मुळापर्यंत खाल्लेली.
मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

डॉक्टर तरुण होती, तिलाच सर्दी झालेली.
सुई टोचली, गवताचा लगदा पिचकारीत भरून दिला,
दर तीन तासांनी, म्हणाली, उपाशी ठेवायचं नाही.
वाचेल का, विचारलं तर म्हणाली,
सकाळी खोक्यात बघा.

रात्री बाराला मी भरवलं, तीनला तिने.
तिच्यासाठीही पाव भाजला, लोणी लावून.
अर्धा खाल्ला. मी मोजत नव्हतो,
म्हणजे मोजतच होतो.

सहाला तिने मला हलवून उठवलं,
तळहात पुढे धरून.
त्यावर एकच लेंडी,
मिऱ्याएवढी, वेडीवाकडी.
आम्ही ती दिव्याखाली नेऊन
दोन्ही बाजूंनी पाहिली.