तिसरा रकाना

फाटकाशी पिकअप थांबते.
ताडपत्रीखाली बैल,
पाय बाहेर, पुढच्या खुरांना नवीकोरी नाल.

मी वही उघडते. जनावर. मालक.
तिसऱ्या रकान्यापाशी दरवेळी आवाज बारीक होतो :
शेवटच्या पंधरवड्यात सुई कसली दिली?

लहानू बेंडकोळी सांगतो,
मोऱ्या रात्रभर दात खात होता.
बाजारातनं माणूस आणला, दोन सुया टोचल्या,
तेव्हा कुठं पहाटे मान टेकली त्यानं.
खिशातून रिकामी बाटली काढतो.
जपून ठेवलीय. गुण आला होता ना.

नाव वाचून मी पेनाला टोपण लावते.

कसं सांगायचं,
की तू माया केलीस
आणि ती अजून आहे त्याच्या मांसात;
अंजनेरीच्या कड्यावरून उतरणाऱ्या पाखराच्या पोटात
खडूच्या भुकटीसारखी साचेल,
मान लोंबायला लागेल,
चार दिवस, फार तर पाच.

"म्हणजे माझा बैल चालत नाही त्यांना?"

नाही, भाऊ.

कुदळ एकच. पाळीपाळीनं खणतो,
तो, मी, ड्रायव्हर.
नाल काढून घेतली नाही त्यानं.

नाशिकहून साहेबांचा फोन : यंदा वाढ किती?
मी दुर्बीण लावून कड्यावरचे पांढरे ओघळ मोजते,
जिथे ओघळ ओले तिथे घरटं.
एका जोडीला एक अंडं, वर्षातून एकदा,
तेही गेलं तर पुढच्या पौषापर्यंत थांबा.
कुंपणाबाहेर कुत्री आठ-आठ पिल्लं घालतात.
साहेब, लिहा : दोन.
हो, दोनच. पण उडाली.

परवा लहानूचाच निरोप आला.
पाड्याच्या टोकाला एक भाकड म्हैस पडलीय,
मालक गुजरातेत द्राक्षांच्या खोक्यांवर खिळे मारायला,
महिनाभर कुणी बघितलं नाही तिच्याकडे,
सुई नाही, पाला नाही, हात नाही.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं : निरंक.
सरकारी शब्द. इतका स्वच्छ,
की लिहिताना शाई अडली.

ऊन चढल्यावर आले.
आधी एक, लांब सागावर बसून राहिलेला,
मग आभाळच वाकडं होऊन खाली यावं तसे.
लहानू माझ्याशेजारी पालथा पडून बोटांवर मोजत होता.
एकोणतीस, तीस,
एकानं पंख उघडले आणि मागचे झाकले गेले,
दोघांचाही हिशेब चुकला.

पुन्हा पहिल्यापासून धर, तो म्हणाला.