तायी

बुधवारी समिती बसते.
बाहेरच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून आम्ही,
नाव पुकारतील तसं आत जायचं.
माझ्या मांडीवर कुंद्याचा रिकामा डबा,
डब्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, अकरा महिन्यांच्या,
एकही चुकवली नाही याचा पुरावा.
हलला की वाजतो.
शेजारची बाई विचारते, पोराचा खुळखुळा काय?
व्हय म्हणतो मी.

आत पाच खुर्च्या.
"मी आलो," म्हटलं,
तर नव्या मॅडमनी झटकन वर पाहिलं, काहीतरी लिहिलं.
कारकून कमतगी म्हणाला, अहो, इकडच्या बायका
आलो-गेलोच म्हणतात,
ते आजारात धरू नका.
मॅडमनी खोडलं.
बाकीचं कोण खोडणार?

बाकीचं असं आहे, की
वडगावात आमच्या गल्लीत माग रात्रीही चालतात.
चार रात्री मी झोपलो नव्हतो.
पाचव्या रात्री त्या खटक-खटकीत शब्द आले.
काय शब्द, ते धारवाडच्या डॉक्टरांना सांगितलंय,
इथं नाही सांगणार.
एवढंच, की पोरीला घेऊन निघायला हवं होतं,
लगेच, दार उघडं टाकून.
नवरा इचलकरंजीला. सासू गाढ झोपेत.
तिसऱ्या गेटाजवळ पोलिसांनी थांबवलं,
फाटक पडलेलं, मालगाडी चालली होती
आणि मी डबे मोजत होतो, मोठ्यानं.

कागदावर आहे: वय चार, वेळ पावणेतीन, मूल अनवाणी.
अनवाणी होतं, खरं आहे.
पण पाय बघितले काय कुणी तिचे?
मातीचा कण नव्हता.
वडगावापासून गेटापर्यंत
मी तिला खाली टेकवलंच नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी भेटू देतात.
गोळ्यांनी हात कापतात, वेणी सैल पडते,
तिथली मावशी मग पुन्हा घालते, माझ्या देखत.
पोरगी पाण्याला आता नीरु म्हणते.
भरवायला गेलं की तोंड फिरवून म्हणते, साकु.
साकु म्हणजे पुरे.
मला कन्नड येतं, बाजारापुरतं.
आता पोरीपुरतं शिकूलालो.

आदेश कन्नडातच होता.
कमतगी बोट फिरवत वाचून दाखवत होता
आणि दर ओळीत एकदा तायी यायचं.
तायीची प्रकृती. तायीवर देखरेख.
तायीला अजून सहा महिने.
तायी म्हणजे आई, ठाऊक आहे की मला,
इथंच जन्मलो, इथंच वाढलो.
तरी कानात ताईच पडत होतं.
वाटलं, एक पायरी खाली उतरवलं मला,
पोरीची थोरली बहीण केलं,
लग्न होऊन लांब दिलेली,
जी महिन्यातून एकदा येते, चिरमुरे आणते,
आणि चारच्या आत परत निघते.

काही म्हणायचं आहे का, विचारलं.
डबा मी टेबलावर ठेवला होता,
कुणी उघडला नाही.
पायांचं सांगायचं होतं.
मालगाडीचं नाही, शब्दांचं नाही, फक्त पायांचं.
तोंडातून निघालं भलतंच:

तिच्या चपला अजून आमच्या उंबऱ्यापाशी आहेत.
आता लहान झाल्या असतील.
नव्या कितव्या नंबरच्या घेऊ,
तेवढं तिथं विचारून सांगा.

खुर्च्यांनी एकमेकींकडे पाहिलं.
कमतगीनं मात्र लिहून घेतलं, कन्नडात.
पेन थांबेपर्यंत
मी तिथंच उभी राहिलो.