फूलगळ

लास क्रूसेस. रात्रीचे अडीच.
काचघराचा काटा एकोणतीसवर
मुद्दाम अडवून ठेवलाय.
दिवसाचं ऊन मिरची सोसते,
तिला मारते ती न निवणारी रात्र.

सकाळी डेल्फिना गुडघे टेकून
गळलेली फुलं वेचते, मोजते,
ओठांत स्पॅनिश आकडे.
मी काचपट्टीवर पराग रंगवते:
जिवंत तो लाल,
मेलेला फिकट, चाळणीत उरल्या कोंड्यासारखा.
बहुतेक कोंडाच.

कुंडी चारशे सहानं मात्र
एकही फूल टाकलं नाही.
आठवडाभर आम्ही तिच्या आसपास
दबक्या पावलांनी वावरलो,
घरात पहिलटकरीण असावी तसं.
पंख्याचा आवाजही मी कमी केला,
उगीचच.

मग मिरच्या धरल्या. बोटभर, चकचकीत.
डेल्फिनानं एक मोडली,
चावली, थांबली.
"काकडी," म्हणाली.

म्हणजे आता तिखट आणायचं
दुसऱ्या कुठल्या झाडाकडून,
सहा पिढ्या, जमलंच तर.
डेल्फिना पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार.

तिनं बिया पाकिटात भरल्या,
वर तारीख घातली,
घाम पुसताना तोच हात
चुकून डोळ्याला लावला.
दोघीही क्षणभर वाट पाहत राहिलो.

काही झोंबलं नाही.